कोपऱ्याची त्रिज्या

तोकोपियाच्या वर, उघड्या डोंगरउतारावर
पत्र्याच्या खोलीत आमचा संगणक रात्रभर घुरतो.
खाली समुद्र, मागे अताकामा,
मध्ये एकशे दहा हजार व्होल्टची तार
आणि तिला लोखंडी मनोऱ्यापासून अलग ठेवणारी
चिनी मातीच्या आठ बशांची माळ.
एकोणिसाव्या मनोऱ्यावर ती मार्चपासून तीनदा पेटली.
का, ते सांगायचं काम माझं.

पहिल्या रात्री सगळा ताण एकाच बशीवर.
बाकीच्या सात निळ्या, थंड, निवांत,
घरात एकीनेच राबावं तशा.
पाहिलं तर मधल्या प्रत्येक लोखंडी टोपीला
मीच शून्य लिहून ठेवलेलं.
रिकामी चौकट दिसली की शून्य भरायची ही सवय!
पण त्या टोप्या कुणालाच बांधलेल्या नसतात,
तारेला नाही, जमिनीला नाही.
त्यांचं विभव त्यांना ठरवू द्यायचं.
आपण एवढंच म्हणायचं :
जे असेल ते अंगभर सारखं असो,
आणि एकूण प्रभार शून्य.
शून्य बरोबरच होतं म्हणजे,
फक्त चुकीच्या चौकटीत.

मग रंग पायरीपायरीने उतरले.
राहिला तळच्या टोपीच्या काठाशी एक लाल ठिपका.
दोन पूर्णांक नऊ.
जाळी बारीक केली : तीन पूर्णांक सात.
अजून बारीक : चार पूर्णांक सहा.
अजून : पाच पूर्णांक आठ,
आणि पंखा असा ओरडायला लागला की कुत्रं उठून बाहेर गेलं.
हवा तीनलाच हार मानते.
या हिशेबाने माळ एक दिवसही टिकायला नको होती,
आणि ती तर चौतीस वर्षं लटकते आहे.

कुठेतरी पाणी मुरतंय म्हणावं,
तर इथे मुरायला पाणी कुठलं.

सान्तियागोहून लाउतारो म्हणाला, सीमा दूर ढकल.
ढकलली. हवेचा डबा चौपट केला.
सॉल्व्हर बदलला, मग परत पहिलाच लावला.
ठिपका जागचा हलेना.

रिगोबेर्तो बेनाविदेस माळा धुतो :
टँकर, नळी, झोत, कानाला बांधलेला रुमाल.
चहासाठी आत आला, पडद्याकडे पाहत राहिला,
काही न बोलता बाहेर गेला
आणि उतरवलेली एक बशी पोटाशी धरून घेऊन आला.
‘काठावरून बोट फिरव.’
फिरवलं.
कोपरा नव्हता.
मी काढला होता काटकोन, सुरीसारखा,
जो त्या लोखंडाने जन्मात पाहिला नव्हता.
शून्य त्रिज्येच्या कडेला क्षेत्राला अंत नसतो,
जितकं जवळ जाऊन विचारावं तितकं मोठं उत्तर.
जाळी खोटं बोलत नव्हती.
जे विचारलं त्याचंच सांगत होती बिचारी.

दोन मिलिमीटरची गोलाई दिली.
दोन पूर्णांक तीन.
जाळी बारीक : दोन पूर्णांक चार.
अजून बारीक : दोन पूर्णांक चार.
मी खुर्चीत मागे रेलले.
चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकली असेल.

‘म्हणजे पेटायला नको,’ रिगोबेर्तो म्हणाला.
‘नको.’
‘पण पेटते.’
‘हो.’
त्याने चहात तिसरा चमचा साखर ढवळली.
‘यात मीठ कुठे दाखवलंयस?’

पहाटे तीनला कामान्चाका चढतो,
समुद्राचं धुकं, कुणाला भिजवत नाही,
फक्त ओठांवर खारट बसतं.
आम्ही मनोऱ्याखाली उभे राहिलो, माना वर करून.
माळ तडतडत होती हळूहळू,
तापल्या तव्यावर ओले हात झटकावेत तशी,
आणि एका बशीवरून दुसरीवर
जांभळट काहीतरी चालत गेलं, थांबलं, विझलं.
माझ्या साऱ्या समीकरणांत प्रभार स्थिर होते,
जिथे ठेवले तिथे बसलेले.

परत येऊन मी जुनी फाईल मिटवली नाही.
ती बरोबर आहे, कोरड्या दिवसासाठी.
नवी उघडली. नाव मागितलं,
तर टाइप केलं : मीठ १.